डाव्या बाजूचा रंग

शिरूरच्या रंगाच्या दुकानात म्हस्कू येऊन उभा राहिला, तेव्हा दुकानदाराने न विचारताच लाल रंगाचा डबा काढून पुढे ठेवला. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, असा धनगर म्हातारा मेंढरांना खुणा करायलाच रंग नेणार, दुसरं काय! म्हस्कू म्हणाला, लाल नको, पांढरा द्या, गाडीला मारायचा आहे. कसली गाडी, तर मारुती व्हॅन. मारणार कोण, तर मीच, घरी, अंगणात. दुकानदार तसा भला माणूस, पण त्याला हसू आवरेना.

"मामा, याच्या आधी काय रंगवलंय तुम्ही?"

"मेंढरं," म्हस्कू म्हणाला, "आन् बैलांची शिंगं."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. म्हस्कूही ओशाळं हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे ओठ हलले होते, तेही लोकांच्या हसण्याला साथ म्हणून. दुकानदाराने पुट्टी, प्रायमर, थिनर, घासायचे कागद असं सगळं बांधून दिलं आणि वर एक सल्लाही दिला, की पातळ पातळ हात मारा, घाई करू नका. म्हस्कूने मान डोलावली. घाई कशाची होती ते त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

घाई मल्हारसाठी होती. मल्हार म्हणजे म्हस्कूचा एकुलता एक मुलगा. म्हस्कूचे बाप-आजे मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत जायचे. न्हावऱ्याच्या शिवारात पाणी आलं तसा म्हस्कू वस्ती करून राहिला, थोडी मेंढरं ठेवून ऊस-कांदा करू लागला. मल्हारचा ओढा मात्र चाकांकडे. एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन तो कंपनीच्या कामगारांची ने-आण करायचा. केडगावकडची हर्षदा त्याला दिली, ती त्याच व्हॅनमध्ये, पुढच्या डाव्या सीटवर बसून सासरी आली. पोरगी हसरी होती. प्रत्येक कोकराला नाव ठेवायची आणि सासूशी, बानूबाईशी, अशी बोलायची की शेजारच्या वस्तीवरच्या बायकांना ती पोटची लेकच वाटायची.

गेल्या हिवाळ्यात, साखर कारखाने जोरात असताना, दोघं केडगावहून परत येत होती. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. तिला ना दिवा, ना मागे चमकणारा लाल कागद. समोरून आलेल्या ट्रकच्या उजेडाने मल्हारचे डोळे दिपले, आणि ट्रक गेला तो समोर ट्रॉलीच. मल्हारने स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. हात आपसूक जातात तसे गेले. गाडीची डावी बाजू ट्रॉलीवर घासत, चेपत गेली आणि हर्षदा जागच्या जागी गेली. मल्हारला साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

पोलिसांनी व्हॅन सोडल्यावर ट्रॅक्टरने ओढून ती अंगणात आणून लावली. तेव्हापासून मल्हार ओट्यावर बसायचा आणि त्या चेपलेल्या बाजूकडे बघत राहायचा. बोलणं बंद झालं, मग हळूहळू खाणंही. भंगारवाला आला तर हा चाकापुढे आडवा पडला. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं तर सुई उपटून चालत घरी आला आणि परत गाडीसमोर बसला. पोरगं डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं. म्हस्कूच्या मनाने एकच घेतलं होतं, की ती चेपलेली बाजू समोरून गेली तर पोरगं उठेल, नाहीतर उठणार नाही.

न्हावऱ्यात पोपट नावाचा डेंटिंगवाला होता. तो वस्तीवर आला आणि पत्रा ठोकून ठोकून बाजू बरीच सरळ करून गेला. डाव्या दाराची काच फुटलेली होती, ती पुण्याहून मागवावी लागणार होती. रंगाचं मात्र पोपटने नाकारलं. अंगणात धूळ, वारं, तिथे रंग धरत नाही, गाडी गॅरेजला आणा म्हणाला. गाडी हलवू कोण देतोय! शेवटी म्हस्कूने त्याची रंगाची गन मागून घेतली, फाट्यावरच्या पंक्चरवाल्या भिमाजीकडून कॉम्प्रेसर आणला आणि पोपटकडून तोंडी धडा घेतला. पुट्टी भर, घास, प्रायमर मार, परत घास. काचांना वर्तमानपत्रं चिकटव. प्रत्येक हाताआधी पत्रा मऊ कापडाने पूस. जमीन ओली ठेव.

नवशिक्याच्या हातून व्हायचं ते सगळं झालं. बानूबाईने धूळ बसावी म्हणून अंगणात शेणसडा घातला. म्हस्कूने वाऱ्याला आडोसा म्हणून गाडीभोवती दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या घोंगड्या टांगल्या, तर त्यांची लोकर उडून ओल्या प्रायमरला चिकटली आणि गाडीवर मिशा फुटल्या. घासून काढून पुन्हा मारलं, तर ओघळ आले. फुटल्या काचेच्या जागी त्याने नुसतंच वर्तमानपत्र ताणून चिकटवलं. लाइट दिवसातून थोडा वेळ यायची, ती आली की कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि गेली की हात धुवायचे. पण एके दिवशी सगळी गाडी, डाव्या दारासकट, सारख्या राखाडी रंगाची होऊन उभी राहिली. म्हस्कूला धन्य वाटलं. त्याने मल्हारला हाक मारली.

मल्हारने गाडीकडे पाहिलं. मग तो उठला, घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. बानूबाई त्याच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा तो कित्येक दिवसांनी एक वाक्य बोलला.

"आये, ही आमची गाडी न्हाई."

त्यानंतर त्याने पाणीसुद्धा सोडलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत म्हस्कू मेंढवाड्यात जाऊन बसला. रडावंसं वाटलं तर तो तिथेच जायचा. समोर एक मेंढी होती, तिचं कोकरू आठवड्यामागे मेलं होतं. म्हस्कूने त्या कोकराचं कातडं काढून एका पोरक्या कोकराच्या अंगावर बांधलं होतं. मेंढी आधी ढुशा मारायची. कातड्याचा वास आला तशी तिने त्या परक्या लेकराला खुशाल पाजायला घेतलं. धनगराच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. वास आपला लागला की जीव आपला मानतो, मग आत कोण आहे ते बघत नाही.

म्हस्कू ताडकन उठला आणि त्याने बानूबाईकडे हर्षदाची साडी मागितली.

गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये, हे वस्तीवरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. हर्षदाचे बाकीचे कपडे तेव्हाच घोडनदीला सोडले होते. पण रोज नेसायची एक सुती साडी बानूबाईने मागे ठेवली होती. धुतलीही नव्हती. पत्र्याच्या पेटीत तळाला होती आणि म्हस्कूला ते माहीत आहे हे बानूबाईला माहीत नव्हतं. ती बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसली.

"पोरीचं कापड... आन् गाडी पुसायला?"

"त्याला वळख पटंल," म्हस्कू म्हणाला. "मेंढरासारखी."

साडी इतकी मऊ झाली होती की तिचा एकही दोरा पत्र्यावर राहिला नाही. म्हस्कूने सगळी गाडी तिने पुसली. दारं पुसली, छत पुसलं, आत शिरून दोन्ही सीटा पुसल्या. डावं दार पुसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही त्याच साडीने टिपलं.

मल्हार दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन बाहेर आला. गाडीजवळ गेला, डाव्या दाराला गाल लावून उभा राहिला. मग ओट्यावर येऊन बसला आणि भाकरी मागितली. बानूबाईच्या हातून पीठ सांडलं, पण भाकरी झाली. त्याने दूध-भाकरी कुस्करून सगळी खाल्ली. "आबा, पांढरा कवा मारताय?" असंही विचारलं. म्हस्कूने खंडोबाला हात जोडले आणि पांढऱ्या रंगाचा डबा फोडला.

त्या दिवशी लाइट आली ती दिवस मावळताना. पश्चिमेला तांबूस उजेड होता, घोंगड्यांच्या आत सावली दाटलेली. म्हस्कू गुडघे टेकून डाव्या दाराला पांढऱ्याचा पहिला हात मारत होता. थिनरच्या उग्र वासाने डोकं जड झालेलं. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्याला बाकी काही ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं नाही, पण दिसलं. फुटक्या काचेवरचं वर्तमानपत्र आत ओढलं गेलं. मग फुगलं. परत आत गेलं, परत फुगलं. वारं असेल म्हणून त्याने घोंगड्यांकडे पाहिलं, तर त्या ताठ लटकत होत्या. शेळीच्या दाढीचा केस हलावा इतकंही वारं नव्हतं.

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. अंगणात एकदम शांतता झाली. कागद हलतच होता... आत... बाहेर... सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. थिनरच्या वासाखालून दुसरा एक वास वर येत होता. शिकेकाईचा. नुकत्याच न्हालेल्या ओल्या केसांचा. मग आतून बांगड्या किणकिणल्या, अगदी थोड्या, एखादी बाई मांडीवरचा हात उचलून दुसरीकडे ठेवते तेवढ्या.

म्हस्कूने घोंगडीच्या फटीतून मेंढवाड्याकडे पाहिलं. सगळी मेंढरं उभी होती, कुडाला चिकटून, एकमेकांवर रेलून, आणि एकूण एक मेंढरू डाव्या दाराकडे तोंड करून होतं. ओरडत एकही नव्हतं. लांडगा आला तर ती अशी उभी राहत नाहीत. लांडग्याला ती पाठ दाखवतात. अशी ती उभी राहतात घरचं माणूस दिसलं की.

त्याने हात पुढे केला. कागद फाडावा आणि एकदाचं बघून टाकावं. बोटं कागदाला लागली आणि त्याने हात झटकन मागे घेतला. कागद आतून ओल आल्यासारखा दमट होता. आणि कोमट.

"कोण हाय...?" त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

उत्तर गाडीतून आलं नाही. ओट्यावरून मल्हार बोलला, शांतपणे, पूर्वी कामावर निघताना बोलायचा तसा.

"थांबू नगा आबा. खोळंबलीय ती."

आपण काय करून बसलो ते म्हस्कूला तेव्हा लख्ख कळलं. साडीचं कातडं गाडीवर पांघरलं होतं ते पोराला फसवायला. पण ज्या जिवाचं कातडं होतं, त्यालाही वास लागला होता. आणि तो जीव आपल्या जागेवर येऊन बसला होता, नवऱ्याची वाट बघत.

त्याने गन धुऊन ठेवून दिली. बानूबाईला सगळं सांगितलं आणि म्हणाला, आता रंग नाही, काय व्हायचं ते होऊ दे. थिनरचा डबा आणि काडेपेटी घेऊन तो गाडी पेटवायलाही गेला होता, पण मल्हार चाकाला टेकून बसला होता आणि उठवता उठत नव्हता. तिथून पुढे मल्हारचं खाणं पुन्हा बंद झालं. या वेळी तर घोटभर पाणीही घशाखाली उतरेना, ओठांवरून ओघळून जायचं. डॉक्टर वस्तीवर आले, नाडी धरून बसले, पुण्याला न्या म्हणाले. जीप आणली. मल्हारला उचलून फाटकापाशी नेलं तर त्याचे डोळे फिरले, हातपाय गार पडले. परत ओट्यावर आणला की श्वास लागायचा. दोनदा नेला, दोनदा आणला. जीपवाला घाबरून निघून गेला.

म्हस्कूला पुढे आड आणि मागे विहीर दिसत होती. रंग पुरा केला तर पोरगा कुठे जाणार हे त्याला कळत होतं, आणि नाही केला तर तो इथेच डोळ्यांपुढे जाणार होता. बाप म्हणून करण्यासारखं तिसरं काही उरलं नव्हतं. इतकं रिकामं त्याला दुष्काळात मेंढरं मेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

शेवटी बानूबाईच बोलली. तिने मल्हारचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"तुमी भ्याला, मी न्हाई भ्याले. पोरगी आपलीच व्हती. ती त्याचं वाईट न्हाई करायची." मल्हारच्या कपाळावरून हात फिरवत ती म्हणाली, "निदान त्याला दोन घास तरी खाऊ द्या. रंग पुरा करा."

म्हस्कूने गन हातात घेतल्याबरोबर मल्हारने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

शेवटचा हात म्हस्कूने भर दुपारी मारला. उन्हात भीती कमी वाटेल असं त्याला वाटलं होतं. आभाळ कोरडं ठणठणीत, झाडाचं पान हलत नव्हतं. घोंगड्या त्याने दुहेरी करून, खाली दगड ठेवून घट्ट बांधल्या होत्या. मधूनच तो बाहेर डोकावून ओट्याकडे बघायचा. मल्हार जेवला होता. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि बानूबाई त्याच्या डोक्याला खोबरेल तेल चोळत होती. ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती, त्याच्या लहानपणचं, तो मेंढरांत हरवला होता त्या वेळचं. कधी नव्हे ते मल्हार हसत होता. कागद आज हलत नव्हता. वास फक्त थिनरचाच होता. म्हस्कूच्या मनात आशेचं एक चुकार कोकरू शिरलं. देवाने ऐकलं असेल. पोरगी निघून गेली असेल.

आज रंगही कसा गुळगुळीत बसत होता. ना ओघळ, ना लोकर. जिथे हर्षदाचा जीव गेला ती बाजू उन्हात आरशासारखी दिसत होती आणि त्या आरशात म्हस्कूला आपलं तोंड दिसत होतं. पोपटने पाहिलं असतं तर त्यानेही वाहवा केली असती. म्हस्कूने कॉम्प्रेसर बंद केला. गाडी सुकेपर्यंत तो तिथेच, सावलीत, गुडघ्यांत मान घालून बसला. डोळा लागला असावा. उठला तेव्हा ऊन कललं होतं आणि ओट्यावरचं बोलणं थांबलं होतं.

त्याने घोंगड्या सोडल्या. मग एक एक करून कागद काढले. फुटक्या काचेवरचा कागद शेवटी ठेवला होता. तो ओढला, तसा तो कोरडाच निघाला आणि कडेने फाटत आला. कागदाची ती कड कुठेतरी उघडी राहिली होती. नवशिक्याचं काम. तिथून रंगाचा धुरळा आत शिरला होता आणि गाडीचं सगळं आतलं अंग पांढरं झालं होतं. डॅशबोर्ड, छत, स्टेअरिंग, सीटा, सगळ्यावर पिठासारखा बारीक रंग बसला होता.

फक्त डावी सीट सगळी पांढरी नव्हती. पाठीला टेकलेले खांदे, मांड्या, थोडी उजवीकडे कललेली मान, एवढी जागा काळीच्या काळी, स्वच्छ राहिली होती. धुरळा उडत होता तेव्हा तिथे कोणीतरी बसलेलं होतं.

म्हस्कू हे बघायला तयार होता. मनाची तेवढी तयारी त्याने केली होती. पण ड्रायव्हरच्या सीटवरही तशीच जागा स्वच्छ होती. रुंद खांद्यांची. स्टेअरिंगवर उजव्या बाजूला एका मुठीएवढा भाग कोरा होता आणि गिअरच्या दांड्याचा गोळा कोरा होता.

तो ओट्याकडे धावला. बानूबाई तशीच बसली होती, भिंतीला टेकून, मांडीवर मल्हारचं डोकं. तिची बोटं अजून त्याच्या केसांत फिरत होती.

"हळू," ती म्हणाली. "झोपलाय... किती दिसानं झोपलाय."

म्हस्कूने त्याच्या गळ्याला हात लावला आणि खाली बसला. गळा गार लागला. बानूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिची बोटं थांबली.

मल्हारचं कपाळ, गाल, पापण्या, सदऱ्याची छाती, सगळ्यावर पांढरा रंग बसला होता. घोंगड्यांच्या आडून, सगळं अंगण ओलांडून ओट्यापर्यंत रंग यायचं कारणच नव्हतं. बानूबाईच्या काळ्या लुगड्यावर एक ठिपका नव्हता.

"उठला व्हता का ह्यो?" म्हस्कूने विचारलं.

"न्हाई वं... इथनं हालला न्हाई. माझ्याच मांडीवर हाय तवापासनं."

ती पदराने त्याचं तोंड पुसू लागली. कपाळ पुसलं, गाल पुसले. छातीवर ठेवलेला उजवा हात उचलून पुसला. मग डाव्या हाताकडे वळली, तेव्हा म्हस्कूने तिचं मनगट धरलं आणि पुसू दिलं नाही. मल्हारचा डावा हात पालथा, ओट्याच्या कडेवर पडला होता. त्याच्यावरही रंग बसलेला होता, पण सगळीकडे नाही. मधल्या जागेत चार बोटं उमटली होती. कोरी, बारीक, त्याच्या बोटांवर अलगद आडवी ठेवलेली. बानूबाईने आपला जाडजूड, तेलकट हात वर उचलून पाहिला आणि परत खाली घेतला.